कृष्णाकाठची शाळा आणि केंब्रिजचा आराखडा: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यात कृष्णेच्या काठी असलेल्या एका मोठ्या गावात एका जुन्या शिक्षण संस्थेचे मराठी माध्यमाचे हायस्कूल अनेक दशकांपासून चालू आहे. पुढे त्याच संस्थेने इंग्रजी माध्यमाची प्राथमिक शाळा काढली आणि आजूबाजूच्या तालुक्यांतील शाळांशी स्पर्धा वाढल्यावर तिच्यासाठी केंब्रिज या आंतरराष्ट्रीय परीक्षा मंडळाची संलग्नता घेतली. पहिली ते सहावी केंब्रिज प्राइमरीचा अभ्यासक्रम आणि सातवीपासून संस्थेच्याच हायस्कुलात राज्य मंडळाचा अभ्यासक्रम, अशी रचना होती. मी जून २०१८ ते मे २०२१ अशी तीन वर्षे या शाळेत अभ्यासक्रम समन्वयक म्हणून काम केले. ओळख पटू नये म्हणून गावाचे व संस्थेचे नाव दिलेले नाही आणि काही किरकोळ तपशील बदललेले आहेत. निर्णय आणि चुका मात्र घडल्या तशाच मांडल्या आहेत, आणि त्यांतील बऱ्याचशा माझ्या स्वतःच्या आहेत.

शाळेतील मुले ऊस आणि द्राक्षे पिकवणाऱ्या बागायतदारांची, हळदीच्या व्यापाऱ्यांची, साखर कारखान्यातील नोकरदारांची, डॉक्टरांची आणि शिक्षकांची होती. बहुतेकांच्या घरी मराठी बोलली जाई, काहींच्या घरी कन्नड, काहींच्या घरी दखनी. शिक्षिकांपैकी जवळजवळ सर्वांचे स्वतःचे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झालेले होते. हा त्यांचा कमीपणा नव्हता, पण शाळेत तो तसा मानला जात असे. पुढे जे घडले ते समजून घेण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

केंब्रिज प्राइमरीच्या रचनेबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली अशी की, हा अभ्यासक्रम सहा टप्प्यांचा असून प्रत्येक टप्प्यासाठी प्रत्येक विषयाची अध्ययन उद्दिष्टे दिलेली असतात. प्रत्येक उद्दिष्टाला संकेतांक असतो, आणि ते कोणत्या उदाहरणातून, कोणत्या पुस्तकातून शिकवायचे हे शाळेवर सोपवलेले असते. मान्यताप्राप्त पाठ्यपुस्तके बाजारात मिळतात, पण ती घेणे बंधनकारक नाही. दुसरी अशी की, इंग्रजी विषयाचे दोन स्वतंत्र आराखडे, म्हणजे अशा उद्दिष्टांचे संच, उपलब्ध आहेत. एक इंग्रजी ही प्रथम भाषा असलेल्या मुलांसाठी आहे आणि दुसरा ती द्वितीय भाषा असलेल्या मुलांसाठी. सहाव्या टप्प्याच्या शेवटी इंग्रजी, गणित आणि विज्ञान या विषयांची चेकपॉइंट परीक्षा घेता येते.

अडचण कशी पुढे आली

रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात मी शिक्षिकांकडे त्यांच्या विषयाचा आराखडा मागितला, तेव्हा बहुतेकींनी माझ्या हातात पाठ्यपुस्तक ठेवले. आराखड्याच्या छापील प्रती कार्यालयाच्या कपाटात होत्या, परंतु टाचण, म्हणजे रोजच्या पाठाचे नियोजन, पुस्तकाच्या अनुक्रमणिकेवरूनच काढले जात होते. पुस्तक परदेशी होते, महाग होते आणि सुंदर छापलेले होते. ते पूर्ण झाले की अभ्यासक्रम पूर्ण झाला, अशी सर्वांची प्रामाणिक समजूत होती. त्यामुळे तिसरीतली मुले चार ऋतूंची चित्रे रंगवत होती, ज्यांत पाऊस हा स्वतंत्र ऋतू नव्हता, आणि बाहेर व्हरांड्यात त्यांचे भिजलेले रेनकोट वाळत होते.

ही विसंगती सर्वांना दिसत होती, पण ती गमतीचा विषय मानून सोडून दिली जात असे. तिचे खरे स्वरूप माझ्या लक्षात आले ते एका उत्तरपत्रिकेमुळे. पाचवीच्या घटक चाचणीत एका मुलाने पाच लक्ष वीस हजार ही संख्या ५,२०,००० अशी लिहिली होती. केंब्रिजच्या प्रश्नपत्रिकांत संख्या तीन-तीन अंकांचे गट पाडून, मध्ये स्वल्पविरामाऐवजी थोडी मोकळी जागा सोडून छापतात, म्हणजे ५२० ००० अशी. शिक्षिकेने त्या नमुन्याप्रमाणे उत्तर चूक ठरवले. दुसऱ्या दिवशी मुलाचे वडील ती उत्तरपत्रिका घेऊन आले. त्यांची हळदीची आडत होती. ते रागावलेले नव्हते. त्यांनी सोबत दुकानाची खतावणी आणली होती. ती टेबलावर उघडून ते म्हणाले, “मॅडम, पोरगं रोज संध्याकाळी माझ्या शेजारी बसून हे वाचतंय. ह्यात चूक काय आहे ते मला सांगा, म्हणजे मी पण बदलतो.”

त्या प्रश्नाला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नव्हते. मुलाला स्थानिक किंमत पूर्णपणे समजलेली होती, आणि जे उद्दिष्ट तपासायचे होते ते त्याने साध्य केलेले होते. आम्ही त्याची लेखनाची पद्धत तपासली आणि समज नाकारली.

यानंतर पंधरा दिवस मी वेगवेगळ्या वर्गांत मागच्या बाकावर बसले. जे दिसले त्याचे मूळ एकच होते. मुलांना ठाऊक असलेल्या गोष्टींचा आणि वर्गातल्या अभ्यासाचा संबंध तुटलेला होता, आणि तो तोडण्यात भाषेच्या नियमाचा वाटा मोठा होता. शाळेत मराठी बोलल्यास एक रुपया दंड होता. विज्ञानाच्या तासाला बाष्पीभवनावर प्रश्न आला की, गुऱ्हाळात काहिलीतला रस आटताना पाहिलेली मुले गप्प बसत, कारण ‘आटणे’ या क्रियापदासाठी त्यांच्याकडे इंग्रजी शब्द नसे. केंब्रिजच्या आराखड्यात घरची भाषा वर्गात वापरू नये असे कुठेही म्हटलेले नाही. ती बंदी शाळेने आपणहून घातलेली होती.

समोरचे पर्याय

ऑक्टोबर २०१८ मध्ये संस्थेचे सचिव, मुख्याध्यापिका, चार ज्येष्ठ शिक्षिका आणि मी अशी सहविचार सभा झाली. चार पर्यायांवर चर्चा झाली.

संलग्नता सोडून पहिलीपासूनच राज्य मंडळाचा अभ्यासक्रम घ्यावा, हा पहिला पर्याय होता. सहावीनंतर मुले त्याच मंडळात जाणार असल्याने तो सर्वांत सरळ होता, आणि आज मागे वळून पाहताना मला वाटते की आम्ही त्याचा पुरेसा गांभीर्याने विचार केला नाही. बालभारतीच्या तिसरीच्या परिसर अभ्यासात मुलांना स्वतःच्या जिल्ह्याची ओळख होते आणि चौथीत शिवछत्रपतींचा इतिहास असतो. आम्हाला जी स्थानिकता घडवायची होती तिचा मोठा भाग तिथे तयार होता. परंतु फी आणि प्रवेश दोन्ही ‘इंटरनॅशनल’ या शब्दावर उभे होते, आणि सचिवांनी ते स्पष्टपणे सांगितले. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते, कारण पगार त्याच फीतून होत होते.

पुस्तक तसेच ठेवून इंग्रजीच्या जादा तासिका घ्याव्यात, हा दुसरा पर्याय बहुतेक शिक्षिकांना सोयीचा वाटत होता. इंग्रजीसाठी द्वितीय भाषेचा आराखडा स्वीकारावा, हा तिसरा पर्याय मी मांडला आणि तो त्याच सभेत फेटाळला गेला. आमच्या मुलांची इंग्रजी दुय्यम आहे असे शाळेने स्वतःच जाहीर करायचे का, असा प्रश्न मुख्याध्यापिकांनी विचारला. चौथा पर्याय आराखडा कायम ठेवून पाठ्यपुस्तक बाजूला सारण्याचा आणि उद्दिष्टांवरून स्वतःचे घटक रचण्याचा होता. तो निवडला गेला, मात्र पाठ्यपुस्तके पालकांनी आधीच विकत घेतलेली असल्याने ती ‘बाजूला’ न सारता ‘सोबत’ ठेवावीत अशी दुरुस्ती त्यात झाली. दुरुस्ती लहान दिसत होती. पहिला प्रयत्न फसण्याचे ते एक कारण ठरले.

पहिला प्रयत्न आणि त्याचे अपयश

नोव्हेंबर २०१८ ते मार्च २०१९ या काळात आम्ही जे केले त्याला रूपांतर म्हणता येणार नाही. पुस्तकातली गणिते तशीच ठेवून मुलांची नावे बदलली, पौंडांचे रुपये केले, सफरचंदांच्या जागी गुळाच्या ढेपा घातल्या. विज्ञानात तळ्यातल्या बेडकांच्या चित्राजवळ नदीकाठच्या बगळ्याचे चित्र चिकटवले. वर्गाच्या भिंतीवर तासगावची द्राक्षे, सांगलीची हळद आणि कृष्णेचा घाट यांचे तक्ते लागले. पालकांना ते आवडले, स्थानिक वृत्तपत्रात फोटोही आला.

शिक्षण मात्र बदलले नाही. गुळाच्या ढेपांची बेरीज करताना मुलाला गुळाबद्दल असलेले ज्ञान कुठेही उपयोगी पडत नव्हते. त्या ठिकाणी विटा असत्या तरी चालले असते. एका शिक्षिकेने मार्चच्या सभेत हे फार नेमके सांगितले. आपण पुस्तकाचे कपडे बदलले, प्रश्न तेच राहिले, असे त्यांचे म्हणणे होते. मला ते तेव्हा झोंबले, कारण ती कामाची पद्धत मीच आखलेली होती.

या काळातला एकच निर्णय टिकला, तो संख्यालेखनाचा. आम्ही स्थानिक किमतीच्या तक्त्याला वर दोन ओळींचे मथळे दिले. एका ओळीत हजार, दशहजार, लक्ष, दशलक्ष आणि कोटी, तर दुसऱ्या ओळीत थाउजंड, टेन थाउजंड, हंड्रेड थाउजंड, मिलियन आणि टेन मिलियन. मराठीत मिलियनसाठी दशलक्ष हा शब्द मुळातच आहे, त्यामुळे दोन पद्धती एकमेकींवर जिथे नेमक्या बसतात ते घर मुलांना चटकन सापडले. कोणत्याही पद्धतीने लिहिलेले उत्तर बरोबर मानायचे आणि चेकपॉइंटपुरती मोकळ्या जागेची पद्धत सरावाला घ्यायची, असे ठरले. आडतवाल्या पालकांना मी तसे कळवले.

पूर आणि दुसरा प्रयत्न

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. त्या वर्षी पाणी साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास गेले. आमच्या गावाचा खालचा भाग पाण्यात होता. शाळेची इमारत उंचावर असल्याने तिथे पूरग्रस्तांची छावणी होती. वर्ग सुरू झाले तेव्हा भिंतींवरचे तक्ते निघालेले होते, फरशीला चिखलाचा वास होता आणि मुलांच्या बोलण्यात पुराशिवाय दुसरा विषय नव्हता.

पाचवीच्या गणिताच्या शिक्षिकेचा त्या आठवड्याचा घटक रेषालेखाचा होता. काळानुसार बदलणारे मोजमाप रेषालेखाने दाखवणे, हे आराखड्यातले उद्दिष्ट होते. पुस्तकात त्यासाठी एका थंड प्रदेशातल्या शहराचे दिवसभराचे तापमान दिलेले होते. तास संपल्यावर त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या की मुले आलेख काढतात, पण मध्येच नदीच्या पाण्याबद्दल बोलू लागतात. तापमानाऐवजी पातळी घेतली तर चालेल का? उद्दिष्ट वाचून पाहिले. तापमान हे तिथे केवळ उदाहरण म्हणून आलेले होते. हा प्रश्न विचारायला आम्हाला वर्षभर लागले होते आणि तो शेवटी विचारला वर्गात रोज उभ्या राहणाऱ्या शिक्षिकेने, हे नोंदवणे मला आवश्यक वाटते.

पुढचे तीन आठवडे पाचवीत गणित आणि विज्ञान यांच्या तासिका जोडून घेतल्या. जिल्हा प्रशासनाच्या पूरस्थितीच्या पत्रकांतून आणि वृत्तपत्रांच्या कात्रणांतून मुलांनी रोजची पातळी गोळा केली. कोणत्या भाषेत बोलायचे याचा नियम या घटकापुरता स्थगित केला. चर्चा कोणत्याही भाषेत आणि आलेखाचे अंतिम वाचन इंग्रजीत, अशी विभागणी ठरली.

दुसऱ्याच दिवशी एक अडचण आली. एका कात्रणात पातळी ५७.५ फूट होती आणि दुसऱ्यात ५७ फूट ५ इंच. मुलांपैकी अर्ध्यांच्या मते दोन्ही एकच होते, कारण ‘पॉइंट पाच म्हणजे पाच इंच’. शिक्षिकेने उत्तर दिले नाही. त्यांनी पुठ्ठ्याची फूटभर लांब पट्टी कापली, तिची वरची कड दहा भागांत आणि खालची कड बारा भागांत विभागायला लावली, आणि दोन्ही कडांवर ५ ची खूण करायला सांगितली. वरची खूण पट्टीच्या बरोबर मध्यावर आली, खालची तिच्या अलीकडे. वर्गात कुजबुज सुरू झाली. ५७.५ फूट म्हणजे ५७ फूट ६ इंच, हे मुलांनी स्वतः शोधले. तेव्हा एक मुलगी म्हणाली, “एका इंचानं काय होतंय, मॅडम?” मागच्या बाकावरून एका मुलाचे उत्तर आले, “आमच्या उंबऱ्याच्या आत पाणी आलं न्हाई, ते एका इंचानंच.”

दशांश अपूर्णांक हा त्याच टप्प्यातला विषय होता, आणि तो समजला आहे की नाही हे तपासायला त्यानंतर वेगळी चाचणी घ्यावी लागली नाही.

घटक तिथून वाढत गेला. कोयना कराडला कृष्णेला मिळते आणि वारणा सांगलीजवळ हरिपूरला, हे मुलांना ठाऊक होते. मग वरच्या धरणातला विसर्ग आणि खालची पातळी यांच्यात किती वेळाचे अंतर पडते, हा प्रश्न त्यांनीच काढला. विसर्ग क्युसेकमध्ये सांगतात. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर. घराच्या गच्चीवरची १००० लिटरची टाकी एका क्युसेकने किती वेळात भरेल, हे गणित एका गटाने मांडले आणि ३५ सेकंद हे उत्तर पाहून पुन्हा मोजले, कारण त्यांचा विश्वास बसेना. धरणाचा साठा मात्र टीएमसीमध्ये येतो. टीएमसी म्हणजे थाउजंड मिलियन घनफूट, आणि मराठी वृत्तपत्रे त्यालाच एक अब्ज घनफूट म्हणतात. मागच्या वर्षी तयार केलेला दोन मथळ्यांचा तक्ता मुलांनी आपणहून शोधून आणला आणि हजार मिलियनचे शंभर कोटी कसे होतात ते त्यावर मोजून दाखवले. कोयना धरणाचे १०५ टीएमसी त्यांनी दोन्ही पद्धतींनी फळ्यावर लिहिले, शून्ये चुकली, पुन्हा लिहिली. लाख-कोटींची घरची पद्धत आणि पुस्तकातली पद्धत या दोन्हींची गरज एकाच नदीला आहे, हे तिथे दिसले. ज्या फरकासाठी आम्ही एका मुलाचे गुण कापले होते, तोच फरक आता शिकण्याचे साधन झाला होता.

याच घटकात आमच्याकडून एक गंभीर चूक झाली. आलेख काढताना एक मुलगी ४५ फुटांपर्यंत रेघ ओढून थांबली आणि पुढचे तीन तास तिची रेघ तिथेच राहिली. शिक्षिकेला वाटले की तिला मापप्रमाण कळले नाही. त्यांनी दोनदा समजावून सांगितले. चौथ्या दिवशी मुलीचे वडील तिला न्यायला आले तेव्हा कळले की त्यांचे मातीच्या भिंतींचे घर पडले होते, पंचनामा झाला होता आणि कुटुंब नातेवाइकांकडे राहत होते. पाणी धोका पातळीच्या वर गेल्यावर काय झाले, हे त्या मुलीला आलेखापेक्षा जास्त ठाऊक होते. घटक सुरू करण्यापूर्वी कोणत्या मुलांच्या घरी काय घडले याची चौकशी करण्याचे आमच्यापैकी एकाच्याही मनात आले नव्हते. मुलांचे जगणे वर्गात आणायचे असे आम्ही म्हणत होतो आणि त्या जगण्यात त्या आठवड्यात काय होते ते पाहिले नव्हते. त्या मुलीला आम्ही पावसाच्या मोजमापाचे वेगळे काम दिले. ते तिने नीट केले, पण त्याविषयी ती कधी बोलली नाही.

पालकांची सभा

दिवाळीनंतर पालक सभा झाली. पूर ओसरून दोन महिने झालेले होते आणि ऊस बागायतदारांचे मोठे नुकसान झालेले होते. एका पालकांनी उभे राहून विचारले की, नदी आणि ऊस तर पोरगं घरी शिकतंच, मग इंटरनॅशनलची फी कशासाठी भरायची? सभागृहात अनेक माना हलल्या. हा प्रश्न योग्य होता आणि त्याला ठरावीक उत्तर देऊन चालणार नव्हते.

मुख्याध्यापिकांनी मुलांच्या वह्या पुढे केल्या. एका मुलाने आपला आलेख लावून, पातळी कोणत्या दिवशी सर्वांत वेगाने वाढली आणि ते रेघेच्या चढावरून कसे ओळखायचे, हे आधी इंग्रजीत आणि मग आपल्या आजीला कळावे म्हणून मराठीत सांगितले. पालकांचे पूर्ण समाधान झाले असे मी म्हणणार नाही. जूनमध्ये काही मुलांचे दाखले निघाले, त्यांतली काही पैशांच्या अडचणीमुळे आणि काही या बदलामुळे असावीत. परंतु सभेत आणखी एक मागणी आली, जी आमच्या विचारात नव्हती. चौथीतल्या मुलांना शिवाजी महाराजांचा इतिहास नाही, आणि सातवीत राज्य मंडळात गेल्यावर ती मागे पडतात, अशी तक्रार अनेकांनी केली. केंब्रिजच्या चेकपॉइंटला इतिहास नसल्याने आम्ही त्याकडे दुर्लक्ष केले होते. त्याच वर्षी चौथीला आठवड्यातून तीन तासिका देऊन बालभारतीचे पुस्तक सुरू केले.

इंग्रजीचा आणि मराठीचा निर्णय

ऑक्टोबर २०१८ मध्ये फेटाळलेला द्वितीय भाषेचा पर्याय डिसेंबर २०१९ मध्ये पुन्हा मांडला. या वेळी मी युक्तिवाद केला नाही. दोन्ही आराखड्यांतली तिसऱ्या टप्प्याची उद्दिष्टे शेजारी-शेजारी छापून शिक्षिकांना दिली आणि आपल्या वर्गातल्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून खुणा करायला सांगितले. खुणा पाहून मुख्याध्यापिकांनीच निर्णय दिला. आधीच्या चेकपॉइंटच्या निकालांत इंग्रजी सातत्याने गणिताच्या खाली राहत होते, हेही त्यांनी त्या वेळी पुढे ठेवले. दुय्यमपणाचा जो प्रश्न त्यांनी वर्षापूर्वी विचारला होता त्याचे उत्तर त्यांनी स्वतः शोधले, आणि पालकांना पाठवलेल्या पत्रात तो बदल कमीपणा न मानता स्पष्ट शब्दांत लिहिला. मराठी बोलण्यावरचा दंड त्याच पत्राने रद्द झाला.

मराठीच्या बाबतीत बाहेरूनही बळ मिळाले. महाराष्ट्रातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी विषय सक्तीचा करणारा कायदा २०२० मध्ये झाला आणि तो पहिली व सहावीपासून टप्प्याटप्प्याने लागू झाला. तोवर आमच्या शाळेत मराठीला आठवड्याला दोन तासिका होत्या, त्याही सराव परीक्षा आली की कापल्या जात. सक्तीमुळे तासिका वाढल्या. त्या वाढलेल्या तासिकांचे काय करायचे हे मात्र कायदा सांगत नव्हता, आणि इथे मराठीच्या शिक्षिकेने पुढाकार घेतला. तिने मुलांना घरातल्या मोठ्या माणसांकडून जुन्या पुरांच्या आठवणी लिहून आणायला सांगितल्या. एका मुलाच्या पणजोबांनी तर आयर्विन पूल बांधून झाला तेव्हाच्या, म्हणजे १९२९ च्या, ऐकीव गोष्टी सांगितल्या होत्या. त्या वह्या नंतर सहावीच्या विज्ञानाच्या तासाला, माणसाचा परिसरावर होणारा परिणाम शिकताना, वाचल्या गेल्या. नदीपात्रातली बांधकामे आणि भराव यांबद्दल मुलांनी विचारलेले प्रश्न पुस्तकातल्या प्रश्नांपेक्षा अवघड होते.

परिणाम

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि त्या वर्षी आमच्या शाळेत चेकपॉइंट झाली नाही. त्यामुळे बदलापूर्वीचे आणि बदलानंतरचे निकाल शेजारी ठेवून काही सिद्ध करणे शक्य नाही. मी इथे फक्त वर्गात दिसलेले सांगू शकते. पाचवीच्या अंतर्गत चाचणीत आलेखवाचन आणि दशांश अपूर्णांक यांवरच्या प्रश्नांना कोरी सोडलेली उत्तरे कमी झाली. विज्ञानाच्या तासाला बोलणारी मुले वाढली, आणि त्यांत आधी वर्षभर गप्प बसलेली मुले होती. इंग्रजी लेखनात तेवढा फरक पडला नाही. मोबाइलवरच्या वर्गांच्या काळात ते उलट मागे गेले.

शिक्षिकांमध्ये झालेला बदल मला सर्वांत मोलाचा वाटतो. टाचणाच्या वहीत आता पुस्तकाच्या पानाच्या आधी उद्दिष्टाचा संकेतांक येऊ लागला. मराठी माध्यमात शिकल्याचे लपवणाऱ्या शिक्षिका, ‘आटणे’ आणि ‘उकळणे’ यांतला फरक मुलांकडून मराठीत काढून घेऊन तो इंग्रजीत नेणे हे आपले कौशल्य आहे, असे मानू लागल्या.

काय वेगळे करता आले असते

पहिली सभा ऑक्टोबरमध्ये, म्हणजे पुस्तके खरेदी झाल्यानंतर घेतली. ती आदल्या फेब्रुवारीत घेणे माझ्या हातात नव्हते, पण पुढच्या वर्षीची खरेदी थांबवणे हातात होते आणि ते मी केले नाही. पुस्तके ‘सोबत’ राहिली तोवर शिक्षिकांना ती पूर्ण करण्याचे ओझे राहिले.

राज्य मंडळाचा अभ्यासक्रम आणि केंब्रिजची उद्दिष्टे सुरुवातीलाच शेजारी मांडायला हवी होती. मुले सातवीत कुठे जाणार हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. इतिहासाची तक्रार पालकांनी करेपर्यंत थांबण्याचे काही कारण नव्हते.

पुराच्या घटकाआधी प्रत्येक मुलाच्या घरची परिस्थिती विचारायला एक दिवस पुरला असता. त्या मुलीला पाण्याची रेघ काढायला बसवले, ही गोष्ट मी अजून विसरलेले नाही.

शेवटची चूक मला शाळा सोडल्यानंतर कळली. मे २०२१ मध्ये निघण्यापूर्वी, नव्या शिक्षिकांना सोपे जावे म्हणून मी पुराच्या घटकाची छापील पुस्तिका तयार केली होती. तिच्यात २०१९ च्या पातळ्यांचा तक्ता, तयार प्रश्न आणि नमुना आलेखही होता. जुलै २०२१ मध्ये कृष्णेला पुन्हा मोठा पूर आला. त्या वेळी वर्ग मोबाइलवर चालू होते आणि मुलांच्या घरांपासून काही अंतरावर पाणी चढत होते. दोन नव्या शिक्षिकांनी त्या आठवड्यात माझ्या पुस्तिकेतून २०१९ चे आकडे शिकवले, कारण टाचणात तेच होते. ज्या शिक्षिकेने पहिल्यांदा तापमानाऐवजी पातळी घ्यायचे सुचवले होते, तिने मात्र तक्त्याचे पान फाडून टाकले, आलेखाचा कोरा कागद वर्गाच्या ग्रुपवर पाठवला आणि सुरक्षित ठिकाणी असलेल्या मुलांना रोज सकाळी पत्रकातला आकडा पाहून एक टिंब द्यायला सांगितले. तिने मला ते आलेख नंतर पाठवले. त्यांतल्या एकावर चौथ्या टिंबाशेजारी पेन्सिलने लिहिलेले आहे, ‘आज आम्ही सामान माडीवर नेलं.’